'किंगडम'मधला 'डम'

प्रश्न : 'किंगडम', 'फ्रीडम', 'विज्डम' आणि हल्ली सर्रास कानांवर पडणारा 'स्टारडम', या शब्दांच्या शेवटचा 'डम' एकच आहे का? 'डोमेन'शी त्याचे काही नाते आहे का?

उत्तर : चारही शब्दांत 'डम' एकच आहे आणि मुळात तो प्रत्यय नव्हताच. जुन्या इंग्रजीत 'डोम' हा स्वतंत्र शब्द निवाडा, कायदा, अधिकार अशा अर्थांनी रूढ होता. आजचा 'डूम' त्याचाच वंशज. परमेश्वराच्या अखेरच्या निवाड्याच्या ख्रिस्ती कल्पनेमुळे त्याला विनाशाचा अर्थ चिकटला. इंग्लंडमधील जमिनींची जी नोंद 1086 साली पहिल्या विल्यमच्या आज्ञेने झाली, तिच्यातील मजकुराविरुद्ध दाद मागता येत नसे, म्हणून लोकांनी तिला 'डूम्सडे बुक' म्हटले.

हाच शब्द नामांच्या मागे लागून झिजला. 'किंगडम' म्हणजे आधी राजाचा अधिकार, मग तो चालतो तो प्रदेश. 'फ्रीडम', 'विज्डम' यांत मात्र केवळ स्थिती किंवा गुण उरला. एकोणिसाव्या शतकात 'ऑफिशियलडम'सारखे, किंचित टवाळीचा सूर असलेले शब्द त्यापासून बनले. मराठीत या सर्वांना पुरेल असा एक प्रत्यय नाही : राज्य, स्वातंत्र्य, शहाणपण, नोकरशाही अशी प्रत्येकाची घडण वेगळी.

मराठी वाचकाला अधिक जवळचा धागा पुढे आहे. 'डोम'चे मूळ ठेवणे, स्थापणे या अर्थाच्या प्राचीन धातूत असून संस्कृतातील 'धा' त्याचाच भाऊ आहे. ठरवून ठेवलेला तो 'डोम'. वैदिक 'धामन्' या शब्दालाही निवासाबरोबर नियम, विधान असा अर्थ होता, म्हणजे आपले 'धाम' आणि इंग्रजांचा 'डम' एकाच घराण्यातले. 'विधवा' आणि 'विडो' या जोडीत दिसतो तसा संस्कृत 'ध'च्या जागी इंग्रजीत 'ड' येतो.

'डोमेन' मात्र परका. तो फ्रेंचमार्गे लॅटिन 'डोमिनस' म्हणजे धनी या शब्दावरून आला आणि त्याच्या पोटात 'डोमुस' म्हणजे घर आहे. त्याचा संस्कृत नातलग 'दम' आपल्या 'दंपती'त टिकून आहे. हा धातू थेट इंग्रजीत उतरला असता, तर 'दश'चे 'टेन' झाले तसे 'द'चे 'ट' व्हायला हवे होते. आणि तसे झालेही आहे, घरबांधणीच्या लाकडाला म्हणतात त्या 'टिंबर' या शब्दात.