गुरुवारी ऑपरेशन आहे आणि झोप लागत नाही म्हणालीस त्यावर (लांबलंय, सॉरी)

तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. वय 23, उजव्या ओव्हरीत (अंडाशयात) साडेपाच सेंटीमीटरची डर्मॉइड गाठ (बहुतेकदा कॅन्सरची नसते ती), गुरुवारी दुर्बिणीतून ऑपरेशन, रात्री तीनला बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस आणि आई म्हणते कुणाला कळू देऊ नको, स्थळं बघतोय. अगं हे माझंच आहे सगळं. फक्त माझी गाठ सहाची होती आणि आमच्या आईने गावभर अपेंडिक्स सांगितलेलं (मग खरोखर अपेंडिक्स काढलेली आत्या टाके जुळवून बघायला आली, तो किस्सा पुन्हा कधीतरी).

मी डॉक्टर नाही, आठ वर्षांपूर्वीचा माझा एकटीचा अनुभव आहे, तेवढंच समजून वाच. डर्मॉइड म्हणजे काय, त्यात केस नि दात कसे येतात, हे तू पन्नासदा वाचलेलं असणार, ते सोडून देते. फोटो तेवढे बघू नको.

माझी घोडचूक सांगते. अठरा दिवस माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, ओव्हरी राहणार की जाणार, आणि तो मी डॉक्टरना विचारलाच नाही. ओपीडीत बाबा शेजारी बसलेले, बाहेर चाळीस पेशंट, आणि मला वाटायचं लग्न न झालेल्या मुलीने मूल होईल का हे वडिलांसमोर कसं विचारायचं. मग काय, घरी येऊन गुगल. त्यात सीए-125 (ओव्हरीच्या कॅन्सरची शंका बघायला करतात ती रक्ताची टेस्ट) आलेली 48, लॅबने ठळक अक्षरात छापलेली, कारण नॉर्मल 35 च्या आत. कॅन्सर हेच डोक्यात बसलं. पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्येसुद्धा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) तो आकडा वाढू शकतो हे मला कुणी सांगितलंच नाही, आणि मी टेस्ट पाळीच्या दुसऱ्या दिवशी केलेली.

ॲडमिट झाले मिरजेला. आमच्या तासगावकडच्या लोकांना दवाखाना म्हणजे मिरजच. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. रात्री साडेनऊला सिस्टर सात-आठ कागद घेऊन आली, इथे सही, इथे सही, इथे. मी केल्या. शेवटच्या कागदावर इंग्लिशमध्ये गाठ काढण्याचं नाव छापलेलं आणि पुढे पेनाने लिहिलेलं, सॅल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी एसओएस. एसओएस मला माहिती होतं, क्रोसिनच्या गोळीपुढे लिहितात ना, ताप आला तर. पहिला शब्द सही केल्यावर फोनवर शोधला. ट्यूब आणि ओव्हरी काढणे. क्रोसिनसारखं, लागलं तर.

काउंटरवर गेले तर तो माणूस म्हणाला, "मिस्टर आलेत का? नाही? मग वडिलांना पाठवा." म्हणजे पोट माझं, आणि बोलणार बाबांशी! ड्यूटीवरचा डॉक्टर म्हणाला, रुटीन आहे, सगळ्यांचं असंच लिहितो. त्या रात्री पापणीला पापणी लागली नाही. सकाळी बीपी 150/96, भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या असं असेल तर थांबूया जरा. मग सर्जन आले, कॉटवर टेकले आणि म्हणाले, "गाठ सोलून काढणार, ओव्हरी ठेवणार. रक्तस्राव थांबलाच नाही किंवा पीळ बसून ती काळी पडली असेल तरच काढायची वेळ येते." दोन मिनिटं लागली. हीच दोन मिनिटं अठरा दिवस आधी मागितली असती तर!

म्हणून माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून दे. ऑपरेशनच्या आधी एकदा परत ओपीडीत जा, बाबांना बाहेर बसव, कागदावर प्रश्न लिहून ने आणि कन्सेंटचा कागद तिथेच मागून वाच. काय झालं तर ओव्हरी काढणार हे मराठीत विचार. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती लागते, नातेवाइकाची सही घेतात ती त्याच्या जागी चालत नाही. सुप्रीम कोर्टाचा 2008 चा निकाल आहे, एक अविवाहित बाई तपासणीची दुर्बीण घालायला गेली, ती भुलेखाली असताना आईची सही घेऊन गर्भाशय आणि ओव्हऱ्या काढल्या, आणि कोर्ट म्हणालं की जिवावर बेतलेलं नसताना आईची संमती चालणार नाही. घाबरवायला सांगत नाहीये गं, काउंटरवाला गुरगुरला तर तुझ्या पाठीशी काय आहे ते माहीत असावं. आणि डॉक्टर एसओएस उगाच लिहीत नाहीत हेही खरं, फक्त समजावून लिहा ना.

भीतीचं म्हणशील तर "टेन्शन घेऊ नको" म्हणणाऱ्यांना मी तेव्हाच ब्लॉक केलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरना सरळ सांग की मला फार भीती वाटते, झोप नाही. गरज वाटली तर आदल्या रात्री ते गोळी देतात, पण मैत्रिणीने दिलेली स्वतःच्या मनाने घेऊ नको. रात्री तीनला कुणीच नसेल तर 14416 ला फोन कर, सरकारचं टेली-मानस आहे, फुकट. मला तेव्हा हे नव्हतं, मी वॉर्डातल्या पंख्याच्या पात्यांशी बोलायचे.

आणि गुरुवारच्या आत अचानक पोटात जबरदस्त दुखलं, उलट्या झाल्या तर वाट बघत बसू नको, सरळ कॅज्युअल्टी. गाठीला पीळ पडू शकतो.

बाकी किरकोळ. दुधाचा चहा म्हणजे खाणंच, आजी काहीही म्हणो, सकाळी घोटभरसुद्धा नको. नंतर खांदा दुखेल, पोटात भरलेल्या गॅसमुळे, आमच्या आईला वाटलं हार्ट अटॅक. मॅक्सी ने, सलवारीची नाडी नेमकी टाक्यांवर येते. येताना गाडीत पोटावर उशी धर, रस्ते तुला माहितीयेत. नेलपेंट काढ, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. आणि चमकी आदल्या दिवशीच घरी काढून ठेव, माझी फिरकी अडकली, ऑपरेशन थिएटरच्या दारात दोन सिस्टर साबण लावून ओढत होत्या आणि मी इतक्या भीतीतही हसत होते.