बासष्ट हजार युरोंचे बासष्ट लाख होत नाहीत

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला राहतो, वय ६४, निवृत्त. मुलगा ३२ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनीअर, अंधेरीत एका कंपनीत डिझाइनचं काम करतो. पगार वर्षाला १७ लाख. सून बँकेत आहे. दोघांचे मिळून महिन्याला पावणेदोन लाख हातात येतात, त्यातले ऐंशी हजार शिल्लक पडतात. नातू साडेतीन वर्षांचा. मुलाला म्युनिकच्या एका कंपनीची ६२,००० युरोंची ऑफर आली आहे. तो म्हणतो, "बाबा, बासष्ट लाख झाले!" मी पाहिलं तर तिथे साधी कॉफी चारशे रुपयांना आणि घरभाडं दोन लाखांच्या जवळ. रोज रात्री जेवताना आमचे हिशेब सुरू होतात आणि जुळत नाहीत. कोणाचं बरोबर?

नमस्कार काका,

कोणाचंच नाही. तुम्ही दोघं एकच चूक करताय, फक्त उलट्या बाजूंनी. चिरंजीव पगाराला शंभराने गुणतात आणि तुम्ही कॉफीला. युरो शंभर रुपयांच्या आसपास असल्यामुळे हा गुणाकार तोंडी जमतो, म्हणूनच तो जेवणाच्या ताटावर येतो.

माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या घरांना मी एकच नियम सांगते. जे पैसे तिथे मिळून तिथेच खर्च होणार, त्यांना रुपयाचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही. युरोतला पगार, युरोतलं भाडं, युरोतली भाजी. सगळं भागवून महिन्याच्या शेवटी जे उरेल आणि मुलुंडच्या खात्यात येऊ शकेल, तेवढंच शंभराने गुणायचं. त्याआधी गुणलं की आकडे फुगतात, पगाराचेही आणि कॉफीचेही.

अर्थशास्त्रात याला क्रयशक्तीची तुलना म्हणतात. जागतिक बँक त्याचे आकडे देते. त्यावरून ढोबळमानाने पाहिलं, तर भारतात तीसएक रुपयांत जे येतं त्याला जर्मनीत एक युरो लागतो. या मापाने ६२,००० युरो म्हणजे अठरा-एकोणीस लाख. म्हणजे चिरंजीव आज जिथे आहेत, जवळजवळ तिथेच! पण हेही देशाच्या सरासरीचं माप. त्यात मुंबई आणि लातूर एका टोपलीत, म्युनिक आणि लाइपझिग दुसऱ्या टोपलीत. आणि म्युनिक जर्मनीतल्या सगळ्यात महागड्या शहरांपैकी आहे, विशेषतः घरभाड्याला. तेव्हा सरासरी बाजूला ठेवून आपला तक्ता मांडू.

६२,००० हा कापण्याआधीचा आकडा आहे. महिन्याला ५,१६७ युरो. त्यातून पेन्शन, आरोग्यविमा, बेरोजगारी विमा, वृद्धापकाळातल्या शुश्रूषेचा विमा आणि वर आयकर जातो. बायको-मूल सोबत असेल आणि कमावता एकच असेल तर कराचा वर्ग सौम्य लागतो आणि हातात साधारण ३,६०० येतात. आधी एकटा जाऊन सहा महिन्यांनी कुटुंबाला न्यायचा बेत असेल तर तोवर ३,२०० च्या आसपास धरा, शिवाय दोन संसार. मुलासाठी सरकारकडून किंडरगेल्ड मिळतो, २०२५ मध्ये तो महिन्याला २५५ युरो होता. म्हणजे हातात ३,८५० धरू. पगारातून कापलेली रक्कम सगळीच वाया गेली असंही समजू नका. त्यात तिघांचा आरोग्यविमा आला, आणि भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू असल्यामुळे पेन्शनसाठी दोन्हीकडची नोकरीची वर्षं एकत्र मोजता येतात.

आता भाडं. जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई, आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं सगळं मिळवून. तुम्ही पाहिलेला आकडा यातला कोणता ते तपासा. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. म्युनिकमध्ये तिघांना पुरेल अशा दोन बेडरूमच्या घराला मी वार्म १,९०० युरो धरते आणि ते मिळायला महिने लागतात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापर्यंत मागता येतं. आणि एक गोष्ट ऐकून तुम्ही हसाल: तिथे पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय भाड्याने मिळतात. ओटा, सिंक, कपाटं, सगळं आपण आणायचं किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायचं. पहिल्या दोन महिन्यांत पाच-सहा हजार युरो असे निघून जातात की पगार कधी आला तेच कळत नाही. एवढी रक्कम जाताना हाताशी हवी, आणि ती इथल्या बचतीतून जाणार, म्हणून इथे मात्र शंभराने गुणा.

बाकीचं झटपट सांगते. किराणा, भाज्या ६०० (तिथला सुपरमार्केटचा किराणा तुम्हाला वाटतो तितका महाग नाही, महाग आहे ते माणसाच्या हाताने केलेलं काम). वीज, इंटरनेट, फोन १४०. देशभर लोकल, मेट्रो, बस चालणारा पास २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि २०२६ पासून ६३. दोघांचे १२६, नातवाला अजून तिकीट नाही. टीव्ही असो वा नसो, घरटी रेडिओ-टीव्ही शुल्क १८.३६. बालवाडी आणि तिथलं जेवण २०० धरा. कपडे, औषधं, सटरफटर २५०. वर्षातून एकदा तिघांनी घरी यायचं म्हटलं तर तिकिटांचे महिन्याला २०० बाजूला काढावे लागतील. बेरीज करा. उरतात चारेकशे युरो, म्हणजे चाळीस हजार रुपये.

आणि इथे आज ऐंशी हजार उरतात.

हे वाचून तुम्ही ताटावर विजयी मुद्रेने बसाल, म्हणून लगेच पुढचं सांगते. ते ऐंशी हजार त्यांनी उरवलेले नाहीत, तुम्ही उरवून दिलेत. तुमच्या पत्रात घरभाड्याचा रकानाच नाही, कारण घर तुमचं आहे. त्याचे हप्ते तुम्ही कधीच फेडून टाकलेत. मुलुंडमध्ये आज तसंच दोन बेडरूमचं घर भाड्याने घ्यायला गेलात तर पन्नासेक हजार द्यावे लागतील. ते वजा केले तर इथली शिल्लक तिसावर येते. नातवाला दुपारी आजीच सांभाळत असेल, म्हणून पाळणाघराचा रकाना नाही. सकाळी पोळ्यांच्या बाई आणि दुपारी भांडी-लादीच्या मावशी, त्या दोघींचा महिन्याचा पगार म्युनिकमध्ये एका बाईंना आठवड्यातून चार तास बोलवायलाही पुरायचा नाही. जर्मनीत किमान वेतनच २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं. तिथे लादी चिरंजीव पुसतील. हे मी कमीपणाने म्हणत नाही, माझ्या भाच्याला हॅम्बुर्गला जाऊन दोन वर्षांत कुकरच्या शिट्ट्या मोजता यायला लागल्या, याचा माझ्या बहिणीला फार आनंद आहे.

सांगायचं इतकंच की तुम्ही मुंबई आणि म्युनिकची तुलना करत नाही आहात. आई-वडिलांच्या घरातला संसार आणि स्वतःच्या पायावरचा संसार, अशी ती तुलना आहे. त्यांनी उद्या ठाण्यात वेगळं घर केलं तरी यातला अर्धा खर्च त्यांच्या अंगावर येईलच.

एक रकाना मात्र म्युनिकला गेल्यावरही मुंबईतच राहतो, आणि त्याबाबतीत मी स्वतः एकदा चुकले आहे. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला मी असाच सुंदर तक्ता करून दिला होता. मुलगा गेला. चार महिन्यांत वडिलांची अँजिओप्लास्टी. तेव्हा कळलं, आई-वडिलांचा मेडिक्लेम मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होता आणि राजीनाम्याबरोबर तो संपला होता. मी विचारलंच नव्हतं. तुम्ही दोघं मुलाच्या पॉलिसीत आहात का? असाल तर राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते लेखी विचारा. जुन्या पॉलिसीतली वर्षं त्यात धरली जातील का, हेही. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. शुगर-बीपी असेल तर ही तीन वर्षं लहान नाहीत. हा हप्ता चिरंजीवांच्या म्युनिकच्या तक्त्यात लिहा, तुमच्या पेन्शनच्या नाही.

आता राहणीमान. शहरांच्या क्रमवारीच्या ज्या याद्या तुम्ही दोघं एकमेकांना फॉरवर्ड करत असाल, त्या कोणासाठी बनतात हे पाहून घ्या. मर्सर या सल्लागार कंपनीची महागाईची यादी कंपन्यांसाठी असते, परदेशी पाठवलेल्या साहेबाला किती भत्ता द्यायचा हे ठरवायला. त्यात न्यूयॉर्क हा पाया. मुंबईत खायचा डाळभात त्या साहेबाच्या ताटात नसतो. नंबिओ या संकेतस्थळावरचे आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात. इकॉनॉमिस्ट गटाच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत २०२२ ते २०२४ व्हिएन्ना पहिली, २०२५ मध्ये कोपनहेगन. त्या यादीत आरोग्यसेवा, शिक्षण, स्थैर्य यांना गुण आहेत, पण भाडं किती हा प्रश्नच नाही. नातवाला साडेपाचला कोण घेणार, हाही नाही.

त्याऐवजी कागदावर एक मंगळवार लिहून काढा. इथला : सकाळी आठला मुलुंडहून लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रोच्या जिन्यावरची ती गर्दी, रात्री साडेआठला घरी, तेव्हा नातू पेंगलेला. तिथला : पाच-साडेपाचला काम संपलं, सहाला घरी, मूल जागं. रोजचे अडीच तास. कायद्याने वर्षाला किमान वीस कामाचे दिवस भरपगारी रजा, बहुतेक कंपन्या त्याहून जास्त देतात. आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार. फूटपाथवर फूटपाथ असतो. या सगळ्याला चिरंजीव किती किंमत देतात ते त्यांनाच सांगू दे. माझं विचाराल तर हे अडीच तास त्या चाळीस हजारांपेक्षा मोठे आहेत, आणि नातू साडेतीनचा असताना तर नक्कीच.

पण त्याच कागदावर डिसेंबरचा मंगळवारही लिहा. साडेचारच्या आत सूर्य मावळलेला, मूल तापाने फणफणलेलं, आजी सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर. त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळायला कित्येक आठवडे जातात. इथे आपण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात रात्री नऊला जाऊन बसतो, त्याची सवय किती खोल असते ते तिथे गेल्यावर कळतं. रविवारी दुकानं बंद. शेजारी सभ्य, पण वाटीभर साखर मागायला जायचं म्हणजे जर्मन यायला हवं.

आणि काका, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. सूनबाईंबद्दल तीन शब्द आहेत: सून बँकेत आहे. या सगळ्या तक्त्यात एकच नोकरी जाणार आहे, ती तिची. तिचे पंचावन्न-साठ हजार गेले म्हणून शिल्लक निम्म्यावर आली, आणि तिला तिथे काम मिळालं तर तोच तक्ता उलटा होतो. चिरंजीवांचा पगार ब्लू कार्डच्या, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्याच्या, मर्यादेच्या बराच वर आहे (२०२५ मध्ये ती ४८,३०० होती), त्यामुळे जोडीदाराला तिथे नोकरी करायची पूर्ण मुभा मिळते आणि जाण्याआधी भाषेची परीक्षाही सक्तीची नाही. पण मुभा असणं वेगळं आणि बँकेच्या कामाला पुरेल असं जर्मन येणं वेगळं. त्याला दीड-दोन वर्षं द्यावी लागतात. तिने आत्ताच काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात पहिल्या पायरीच्या वर्गाची चौकशी करावी, आणि तिच्या बँकेत लांबची बिनपगारी रजा मिळते का हेही विचारावं. रजा मिळाली तर परतीचा दोर शाबूत राहतो.

चिरंजीवांना सांगा, सही करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात : सामान हलवण्याचा खर्च आणि पहिल्या दोन महिन्यांची राहण्याची सोय ते करतात का, आठवड्यातून किती दिवस घरून काम चालतं, आणि प्रोबेशन किती महिन्यांचं. घरून काम चालत असेल तर म्युनिकबाहेर, लोकलच्या शेवटच्या स्टेशनांकडे घर घेऊन भाड्यात थोडे वाचवता येतील. मुलुंडकरांना हे समजावून सांगायला नको.

तक्ता नव्याने मांडाल तेव्हा पेन सूनबाईंच्या हातात द्या, आणि मग मला पुन्हा लिहा. या वेळी पत्र तिने लिहिलं तरी चालेल.