पहिल्या बॉलरूम स्पर्धेत जोडीदाराचा ठेका चुकला, तर आपण त्याच्या मागोमाग जायचे का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. तुमची पहिली बॉलरूम स्पर्धा दोन महिन्यांवर आली आहे, वॉल्ट्झ आणि क्विकस्टेप या दोन नृत्यांत नाव दिले आहे, तर नव्या फिगर (पावलांच्या ठरलेल्या छोट्या रचना) किती बसवाव्यात आणि तयारी कशी करावी, ही पहिली गोष्ट. दुसरी तुम्ही शेवटी, जाता जाता विचारली आहे: जोडीदार म्हणतो की 'तू फक्त माझ्या मागोमाग ये, बाकीचे मी बघतो', हे बरोबर आहे का? मी उत्तर लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे. हेच वाक्य मी माझ्या पहिल्या स्पर्धेआधी तीन महिने रोज ऐकले होते, त्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्याची किंमत आम्ही दोघांनी पहिल्याच फेरीत मोजली.

माझे मत आधीच सांगते: हे बरोबर नाही. पुढाकार घेणाऱ्याने, म्हणजे नेणाऱ्या जोडीदाराने, दिशा ठरवावी, कोणती फिगर कुठे घ्यायची ते ठरवावे, गर्दीतून वाट काढावी. ते त्याचे काम आहे आणि त्यात आपण ढवळाढवळ करू नये. ठेका मात्र कोणा एकाच्या मालकीचा नसतो. तो संगीतात असतो आणि दोघांनाही सारखाच ऐकू येतो.

आमचेही पहिले नृत्य वॉल्ट्झच होते. आमच्या गटात आमच्यासह अकरा जोड्या एकाच वेळी फ्लोअरवर होत्या. तीन महिने आम्ही एकाच गाण्यावर सराव केला होता, कारण ते आम्हाला आवडत असे, आणि त्या गाण्याची सुरुवातीची सुरावट संपली की पाऊल टाकायचे, एवढेच माझ्या जोडीदाराच्या अंगात भिनले होते. तो ठेका मोजत नव्हता, ओळखीच्या जागेची वाट पाहत होता, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. स्पर्धेत कोणते संगीत वाजणार हे नर्तकाला आधी सांगत नाहीत. अनोळखी धून सुरू झाली, आम्ही होल्डमध्ये, म्हणजे एकमेकांना धरायच्या ठरलेल्या पकडीत, उभे राहिलो, शेजारच्या दोन जोड्या निघाल्या, आणि त्या निघालेल्या पाहून त्याने घाईने पाऊल टाकले. ते पडले दुसऱ्या मात्रेवर.

वॉल्ट्झमध्ये एक मात्रा चुकणे म्हणजे काय, हे बाहेरून पाहणाऱ्याला कदाचित किरकोळ वाटेल. तीन मात्रांच्या आवर्तनात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, गुडघे सैल ठेवून लांब पाऊल टाकायचे असते, दुसऱ्या मात्रेला उंची घेत जायचे असते आणि तिसरीला पाय जुळवून, टाचा उचललेल्या स्थितीतून पुन्हा खाली यायचे असते. आमची पहिली मात्रा संगीताच्या दुसरीवर पडल्यामुळे आमची तिसरी नेमकी समेवर येत होती. म्हणजे ज्या क्षणी फ्लोअरवरच्या इतर दहा जोड्या खाली जाऊन पुढे झेपावत होत्या, त्याच क्षणी आम्ही दोघे पाय जुळवून, चवड्यांवर ताठ उभे होतो. मला हे दुसऱ्याच आवर्तनात कळले. त्याच्या खांद्यावरून मला पलीकडच्या जोड्यांची डोकी एकदम खाली जाताना दिसत होती आणि आमची वर जात होती. माझ्या डाव्या खांद्याच्या पात्यावर त्याचा तळवा घट्ट रुतला होता, इतका की बोटे वेगवेगळी जाणवत होती. कळत असूनही मी फ्लोअरची अख्खी लांब बाजू तशीच नाचले, कारण 'तू फक्त मागोमाग ये' हे माझ्या डोक्यात पक्के बसले होते.

कोपऱ्यात दुसरी एक जोडी आमच्या वाटेत आली आणि आम्हाला थांबावे लागले. पाय जुळलेले होते. त्याने पुन्हा लगेच निघायचा प्रयत्न केला, आणि त्या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा गेले नाही. होल्ड सोडला नाही, हात ओढला नाही, फक्त माझे वजन माझ्या पायावर ठेवून मी सम ऐकू येईपर्यंत उभी राहिले आणि समेवर मागे पाऊल टाकले. तो आला. शेवटचा अर्धा मिनिट आम्ही ठेक्यात नाचलो, आणि तेवढा अर्धा मिनिट आमच्या त्या दिवसातला खरा वॉल्ट्झ होता. पुढच्या फेरीसाठी आमचा क्रमांक पुकारला गेला नाही.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "तू मध्येच जड झालीस. मी नेत होतो आणि तू उभी राहिलीस." मी ठेक्याबद्दल सांगितले तेव्हा त्याने ते साफ नाकारले. आमच्या सरांनी त्याचीच बाजू घेतली. त्यांचे म्हणणे असे की, जोडीतल्या दोघांनीही ठेका धरायला सुरुवात केली की होल्डमध्ये रस्सीखेच सुरू होते, म्हणून नेणारा चुकला तरी दुसऱ्याने त्याच्याबरोबर चुकावे. हा वाद आमच्यात पुढे कित्येक महिने चालला. त्या फेरीचे चित्रीकरण एका नातेवाइकाने केले होते. मी ते घरी आवाज मोठा करून अनेकदा पाहिले आणि दर वेळी तोंडाने मात्रा मोजल्या. सुरुवातीचे पाऊल दुसऱ्या मात्रेवरच आहे. माझ्या जोडीदाराने ते चित्रीकरण कधीही पाहिले नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. नव्या फिगर बसवू नका, एकही नाही. त्याचे कारण समजण्यासाठी परीक्षक तुमच्याकडे किती वेळ पाहतो ते मोजा. सुरुवातीच्या फेऱ्यांत एक नृत्य साधारण दीड मिनिट चालते. फ्लोअरवर बारा जोड्या असतील तर एका परीक्षकाच्या वाट्याला प्रत्येक जोडीसाठी सरासरी साडेसात सेकंद येतात. या फेऱ्यांत तो गुण देत नाही, पुढे पाठवायच्या जोड्यांच्या क्रमांकांपुढे फक्त खूण करतो. क्रमवारी लावायची वेळ अंतिम फेरीत येते, आणि तिथे बहुधा १९३७ पासून चालत आलेली 'स्केटिंग' नावाची क्रमवारीची पद्धत वापरली जाते, ज्यात बहुसंख्य परीक्षकांनी दिलेला क्रम निर्णायक ठरतो. ते गणित पहिल्या स्पर्धेआधी शिकत बसायची गरज नाही. साडेसात सेकंदांत कोणाला तुमची अवघड फिगर पूर्ण दिसतही नाही. दिसतो तो ठेका, दोघांचा होल्ड आणि पावलांचा तोल. ठेक्यात नसलेल्या जोडीच्या बाकीच्या गोष्टी कितीही सुंदर असल्या तरी परीक्षकाची नजर तिच्यावर थांबत नाही. नॅचरल टर्न, रिव्हर्स टर्न, स्पिन टर्न, व्हिस्क आणि त्यानंतरची शासे, एवढ्या मूलभूत फिगरवर वॉल्ट्झची पहिली स्पर्धा उत्तम रीतीने नाचता येते. शिवाय नवशिक्यांच्या गटात कोणत्या फिगर चालतात यावर बहुधा बंधन असते, पोशाखावरही असते, तेव्हा नियमपत्रक दोघांनीही ओळ न् ओळ वाचावे.

वॉल्ट्झची गती मिनिटाला २८ ते ३० आवर्तने असते, म्हणजे दीड मिनिटात ४२ ते ४५ आवर्तने. एवढ्या वेळात तुम्ही ठरवलेला क्रम एकदा तरी तुटणारच, कारण सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने एकाच फ्लोअरवर फिरत असतात आणि पुढची जोडी कोपऱ्यात अडली की मागच्यांना थांबावे लागते. म्हणून क्रम साखळीसारखा पाठ करू नका. रोजच्या सरावातला निम्मा वेळ फक्त सुरू करण्याला आणि थांबून पुन्हा सुरू करण्याला द्या, असे मी अगदी ठामपणे सांगेन. रोज वेगळे संगीत लावा, शक्यतो कोणा तिसऱ्याला निवडू द्या, आणि ते मधूनच सुरू करायला सांगा. होल्ड घेतल्यावर दोन पूर्ण आवर्तने नुसते ऐका, मग निघा. शेजारची जोडी आधी निघाली म्हणून आपण मागे पडत नाही; चार आवर्तने उशिरा पण समेवर निघालेल्या जोडीचे काहीही बिघडत नाही. त्या तिसऱ्या व्यक्तीला मध्येच तुमच्या वाटेत येऊन उभे राहायलाही सांगा. पहिल्या आठवड्यात तुम्ही दर वेळी गोंधळाल, आणि तो गोंधळ सरावाच्या खोलीतच झालेला बरा.

क्विकस्टेपबद्दल थोडक्यात लिहिते. त्याची गती मिनिटाला ५० ते ५२ आवर्तने आणि प्रत्येक आवर्तनात चार मात्रा, म्हणजे मिनिटाला २०० ते २०८ मात्रा होतात. तिथे चुकीला सावरायला वेळ फार कमी मिळतो आणि दमही लागतो. वॉल्ट्झनंतर लगेच क्विकस्टेप, असे दोन्ही न थांबता सलग दोनदा नाचून पाहा. दुसऱ्या खेपेला खांदे वर चढू लागले, तर दम कमी पडतो आहे असे समजावे.

आता ठेका चुकल्यावर नेमके काय करायचे ते सांगते, कारण हे कोणी शिकवत नाही. पहिले पाऊल दुसऱ्या मात्रेवर पडले असेल, तर पाय जुळल्यानंतर दोन मात्रा सोडून द्याव्या लागतात, त्यानंतर सम येते. दोघांनी मिळून, होल्ड न मोडता, खाली येऊन त्या दोन मात्रा शांतपणे उभे राहावे आणि समेवर निघावे. बाहेरून पाहणाऱ्याला हा थोडासा विराम वाटतो. ठरवून केला तर तो दीड सेकंदही घेत नाही. यासाठी खूण आधीच ठरलेली हवी. माझी आणि माझ्या आताच्या जोडीदाराची खूण अशी आहे की, त्याच्या दंडावर असलेल्या माझ्या डाव्या हाताची बोटे मी पाय जुळताना दोनदा हलकेच दाबते. त्याने मला ती खूण कधीही 'ढवळाढवळ' म्हणून सुनावलेली नाही. उलट, सुरुवातीची सम कधी धरायची हे आता आम्ही दोघे मिळून ऐकतो आणि तो निघण्याआधी माझा श्वास जाणवेपर्यंत थांबतो.

तुमचा जोडीदार 'मी बघतो' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काही वाईट नसणार, हे मी मान्य करते. त्याला तुमच्यावरचा भार कमी करायचा असेल. पण मागोमाग येणारी व्यक्ती उलट्या पावली, पाठीमागचे काही दिसत नसताना, त्याच गतीने नाचत असते. तिला ठेका कळू नये अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे तिच्या निम्म्या कौशल्यावर पाणी सोडणे आहे. हे मी आमच्या सरांना तेव्हा सांगू शकले नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर तुम्ही माझ्या उत्तराचा भलताच उपयोग कराल. सरांचे म्हणणे अर्धे खरे होते. खूण आधी ठरलेली नसेल, तर फ्लोअरवर जोडीदाराला दुरुस्त करायला जाऊ नका. त्या वेळी त्याच्याबरोबर चुकीच्या मात्रेवर नाचणे परवडले, कारण एकाच होल्डमध्ये दोन वेगवेगळे ठेके चालू असलेले दुरूनही दिसतात आणि त्यात पडण्याची भीती असते. मी त्या दिवशी कोपऱ्यात थांबले ते आम्ही आधीच थांबलेले होतो म्हणून निभावले. भर वेगात तसे केले असते तर आम्ही दोघे पडलो असतो. शिवाय माझा अनुभव होल्डमधल्या नृत्यांचा आहे. चाचाचा किंवा रुंबामध्ये हात सुटे असतात, तिथली गणिते वेगळी आहेत.

उरलेले साहित्याचे. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी प्रथमच घालू नका, निदान तीन आठवडे ते सरावात वापरा. क्रमांकाचा कागद जोडीदाराच्या पाठीवर चारही कोपऱ्यांना टाचायचा असतो, आणि ते काम जॅकेट अंगात घालण्याआधी टेबलावर पसरून करावे, म्हणजे तो सुरकुतत नाही. नृत्याच्या बुटांचे स्वेडचे (खरखरीत मऊ चामड्याचे) तळ नाचून नाचून गुळगुळीत होतात आणि मग पाय घसरतो, म्हणून तारेचा छोटा ब्रश पिशवीत ठेवा आणि फ्लोअरवर उतरण्याआधी दोघांचेही तळ घासून घ्या. खूण कोणती, हे मात्र त्याच्याशी आजच बसून ठरवा.