केमो चालू असताना मुलाला व्होरिकोनाझोल घरी कसं द्यायचं?

कामोठ्याहून विचारलंय, मुलगा सहा वर्षांचा, ल्युकेमियाची केमो चालू आहे. सगळ्यात आधी फाइल काढा आणि व्हिनक्रिस्टीन (केमोचं एक औषध) लिहिलंय का ते बघा, कारण व्होरिकोनाझोलने, म्हणजे या बुरशीविरोधी (अँटीफंगल) औषधाने, व्हिनक्रिस्टीन शरीरात साठत जातं आणि मग पोट घट्ट होतं, पाय लुळे पडतात, कधी फिटही येते, म्हणून खारघरला अ‍ॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) दाखवत असाल नाहीतर ठाण्यात कुठे, दोन्ही औषधांचं कसं करायचं ते त्याच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, स्वतःहून बंद मात्र करू नका.

व्होरिकोनाझोल जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तासाने नंतर द्यायचं. याउलट पोसाकोनाझोलचं सिरप जेवणासोबतच लागू पडतं, त्यामुळे मेडिकलवाला "हेही अँटीफंगलच आहे" म्हणून दुसरं काही देत असेल तर घेऊ नका. वजनाच्या हिशोबाने डोस मोठ्या माणसापेक्षा जास्त दिसेल, घाबरू नका, मुलांचं लिव्हर ते लवकर संपवतं, म्हणूनच रक्तातली औषधाची लेव्हल आणि एलएफटी (लिव्हरची तपासणी) करायला सांगतात, ते चुकवू नका.

डोसनंतर थोडा वेळ अंधुक किंवा रंग वेगळे दिसू शकतात. उन्हाने कातडी भाजते, तेव्हा दुपारी गार्डन नको, फुल बाह्या घाला. डोळे पिवळे झाले, अंगावर पुरळ आलं, औषध पुन्हा पुन्हा उलटून पडलं तर लगेच फोन करा. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री दोनलाही सरळ हॉस्पिटल, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. आणि हो, व्होरिकोनाझोलचं पाण्यात कालवलेलं सिरप फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, बाहेरच, १४ दिवसांनी टाकून द्या.