दुसऱ्या सेटला काम काय?

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोलीतल्या गाणी ऐकायच्या नव्या सेटची यादी मिळाली. टर्नटेबल, अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र), स्पीकर, किमतींची बेरीज, आणि सगळ्यात खाली, "काका, हॉलमधल्या सेटपेक्षा हा दीडपट चांगला होईल ना?" त्या ओळीपाशी माझा चहा गार झाला. हॉलमधला सेट अजून ठणठणीत वाजतोय. मग खोलीत येणारा त्याच्याहून चांगला कशाला हवा? वेगळा असला म्हणजे झालं. थोडा डावा निघाला तरी बिघडत नाही.

या चुकीची फी मी आधीच भरली आहे, म्हणून सांगतो. गिरगावातल्या खोलीतून गोरेगावला आलो, पहिल्यांदाच रिकामी भिंत बघायला मिळाली आणि तीन वर्षांत घरात पाच सेट झाले. त्यातले दोन जवळपास सारखे, एकाच भिंतीला लागून. दोन जावा एका ओट्याशी! याचे स्पीकर त्याला जोड, त्याची वायर याला लाव. मल्लिकार्जुन मन्सूर गात असायचे आणि मी ऐकत असायचो अ‍ॅम्प. "अहो, एक राग शेवटपर्यंत लागल्याला किती महिने झाले?" असं तुझ्या काकूने विचारलं, तेव्हा मी वायर सोलत होतो. पाचांपैकी एक विकला, आणि दुसरा जावयाच्या गळ्यात मारला.

आता तुझी खोली. दहा बाय दहा. मुलुंडला स्वतःची खोली आहे हेच खूप, पण चौरस खोलीइतकी आवाजाची वाट दुसरं काही लावत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक खर्ज अडकून घुमत राहतो. दहा फुटांना तो येतो सुमारे ५६ हर्ट्झवर. लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे दोन्हीकडचा घुमारा एकाच जागी पडणार. वरून छत साडेनऊ फुटांवर असेल, तर तेही साठीच्या आसपास येऊन त्यांना सामील होतं. तू लिहिलेले आठ इंची वूफरचे (वूफर म्हणजे खर्ज वाजवणारा भाग) उभे स्पीकर नेमका तिथेच जोर लावतील. डग्ग्यावरची घसीट राहील बाजूला, लोखंडी कपाटाची थरथर तेवढी ऐकू येईल.

तू ऐकतेस मुख्यतः ख्याल. पेटीवरच्या काळी एकचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. तिथपर्यंत स्वच्छ उतरणारा पाच इंची वूफरचा छोटा स्पीकर तुला पुरून उरेल, आणि त्याच्याखाली त्याचा जीव कमी पडत असल्यामुळे तो खोलीशी भांडणारही नाही. स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग, म्हणजे ट्वीटर, कानाच्या पातळीत ठेव. दोन्ही स्पीकर आणि तू मिळून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण व्हायला हवा. स्पीकरच्या मागे हवा जायचं भोक (पोर्ट) असेल तर भिंतीपासून हातभर पुढे. जागा नसेल तर भोकात पायमोजा गुंडाळून कोंब. हसू नकोस, काही कंपन्या याच कामासाठी स्पंजचे बोळे खोक्यात घालून देतात.

अ‍ॅम्प शंभर वॅटचा कशाला? ८७ डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, ८७ डेसिबल देतो. तू पलंगावर बसलीस तरी दोन मीटरच्या पलीकडे जाणार नाहीस. पन्नासाचे शंभर वॅट केले की हातात पडतात ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. आणि तो वापरणार कधी? साडेआठच्या पुढे तू लोकलमधून उतरतेस, जेवण, भांडी, दहा वाजले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती मोजायला कुणी येत नाही, पण खालच्या मजल्यावरच्या आजी येतात.

म्हणून स्पष्टच विचारतो: तुझ्या दुसऱ्या सेटला काम काय? ते काम रात्री दहानंतरचं असेल, तर चांगला हेडफोन आणि तळहाताएवढा अ‍ॅम्प हाही पुरता सेटच आहे, उशाशी मावणारा. त्याला सेट म्हणायला लोक का लाजतात मला कळत नाही. रविवारची दुपारही हवी असेल, तर वर सांगितलेले छोटे स्पीकर.

आमच्याकडे आता तीन उरलेत. हॉलमधला पाहुण्यांसमोर मिरवतो. स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलेला, अ‍ॅम्प पोटातच असलेला एक डबा सगळ्यात जास्त वाजतो. सकाळी त्यावर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागते आणि काकू त्याला माझ्या कुठल्याही सेटच्या वर मानते. तिसरा ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचा, आणि त्याचं कारण बिनतोड आहे. त्या तबकडीची खाच रुंद असते. तिला साधारण ३ हजारांश इंच टोकाची सुई लागते. एलपीची (नंतरच्या विनाइल तबकडीची) जेमतेम पाऊण हजारांश, ती खाचेच्या तळाला घासत जाते. शिवाय नव्या टर्नटेबलांपैकी बऱ्याच जणांना ७८ चा वेग नसतोच. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना सगळं उरकायचं. आणि सगळं मोनो, डावा-उजवा आवाज वेगळा नाहीच, म्हणून तिथे माझा एकच स्पीकर आहे.

त्याच तबकड्यांनी मला एक धडा दिला. चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, बालगंधर्वांची एक तबकडी मिळाली, बुरशीने पांढरी पडलेली. घरी आणून उत्साहाने स्पिरिटने पुसली. कापूस काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय. निघत होती लाख! पॉलिशवाला सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि नेमकं त्या दिवशी विसरलो. एलपी विनाइलची, तिला स्पिरिट इतकं बाधत नाही. पण तू दोन्हींना डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड, एवढंच वापर. मधलं लेबल मात्र भिजू देऊ नकोस.

ज्या सेटला काम नसतं तो मुंबईत मरतो, हे दुकानदार सांगणार नाही. चार महिने दमट हवा, आपण तो माळ्यावर टाकलेला. दिवाळीत उतरवावा तर व्हॉल्यूम फिरवताच खरखर, टर्नटेबलचा पट्टा चिकट, आणि स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन पडतो. रबरी कड जास्त टिकते. लॅमिंग्टन रोडला किंवा कुणाच्या घरी जुनं बघायला गेलीस तर आधी जाळी काढायला लाव, कड बघ, आवाज नंतर. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर प्रत्येक सेट चालू ठेवायचा. आतली ऊब दमटपणा पळवते. एलपींच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेव. रंग बदलला की त्यातले दाणे जुन्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापर, पण मग ती कढई स्वयंपाकाची नाही. हे सगळं एका सेटसाठी होतं. दोनांसाठी होतं. पाचांसाठी मला तरी जमलं नाही.

आणि हो, खोलीतला प्लग तीन पिनी आहे, पण अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनकडून तपासून घे. टर्नटेबलमधून गुणगुण येते तेव्हा लोक सुई बदलत बसतात.

यादी पुन्हा पाठवू नकोस. आठवडाभर वहीत लिही: किती वाजता, कुठे बसून, काय ऐकलं, मध्ये किती वेळा उठलीस. मग शनिवारी ये. माझ्याकडे पाच इंचींची एक जुनी जोडी पडून आहे, रबरी कडेची. महिनाभर घेऊन जा. फक्त संध्याकाळच्या लोकलने नेऊ नकोस, एकेक साडेसहा किलोचा आहे.

तुझा,
काका