जुन्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन बसवलं, पण चढाला झटके देते. ईसीयू बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९१ची कार्ब्युरेटरवाली जिप्सी, त्यात १३०० सीसीचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन त्याच्याच ईसीयूसकट, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसकट, घातलं. सपाटीला ठीक चालते. गरम झाली आणि पन्हाळ्याचा चढ लागला की मिसिंग, झटके. एक जण म्हणतो प्रोग्रॅमेबल ईसीयू घाल, दुसरा म्हणतो मॅप मारून घे.

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

ईसीयूतला मॅप, म्हणजे पेट्रोल आणि टायमिंगच्या आकड्यांचं टेबल, सुझुकीने याच इंजिनासाठी, याच इंजेक्टरांसाठी केलेला आहे. इंजिन दुसऱ्या बॉनेटखाली गेलं म्हणून तो बिघडत नाही. उंचीचंही कारण नाही. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा चारेकशे मीटर उंच; तेवढ्याने हवा चार-पाच टक्के विरळ होते आणि मॅनिफोल्डवरच्या प्रेशर सेन्सरला ते कळतं. मग बदललं काय? वायरिंग, पेट्रोलची लाइन आणि सायलेन्सरचा पाइप. तिन्ही तुमच्याकडे नव्याने झालेत, म्हणजे दोषही तिथेच शोधायचा.

मी कोल्हापुरात गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. इथे यांत्रिक बाजू कधी अडत नाही. उद्यमनगरात फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग), ब्रॅकेट, फ्लायव्हील, काय म्हणाल ते लेथवर करून मिळतं. त्यामुळे सगळा जीव त्यात जातो आणि वायरिंग शेवटच्या दोन दिवसांत उरकलं जातं. इंजिन सुरू झालं की पेढे वाटून मोकळे.

सुरुवात अर्थिंगपासून करा. जुन्या जिप्सीला इंजिनाची अर्थ पट्टी एवढ्यापुरतीच लागायची की सेल्फ फिरला पाहिजे आणि प्लगला ठिणगी पडली पाहिजे. ईसीयूचं तसं नाही. तो सेन्सरकडून येणारे ० ते ५ व्होल्ट वाचतो, आणि त्याचं शून्य म्हणजे त्याची अर्थ. ती अर्थ अर्धा व्होल्ट वर उचलली गेली तर सगळी वाचनं चुकतात. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं ईसीयूच्या अर्थच्या पिनवर कपलरच्या मागून. इंजिन गरम, हेडलाइट चालू, रेडिएटरचा फॅन इलेक्ट्रिक असेल तर तोही चालू. ०.१ व्होल्टच्या वर दाखवलं तर ती अर्थ वाईट. बीप वाजवून कंटिन्युइटी बघणं इथे कामाचं नाही, कारण दोन तारा शिल्लक असलेली केबलसुद्धा बीप देते.

ईसीयूच्या अर्थ इंजिनच्या ब्लॉकवर किंवा मॅनिफोल्डवर स्वच्छ घासलेल्या जागी घ्या, बॉडीच्या रंगावर नाही. सेन्सरची अर्थ मात्र वेगळी असते. ती ईसीयूतूनच निघते आणि ईसीयूलाच परत जाते. ती चासीला जोडून ‘मजबूत’ करायला जाऊ नका. चढाला जोर लागतो तेव्हा इंजिन फाउंडेशनवर एका बाजूला झुकतं, हेही ध्यानात घ्या. केबल ताणून बसवली असेल तर नेमकी तेव्हाच ओढली जाते. गाडी न्यूट्रलला ठेवून लूम (वायरींचा जुडगा) हाताने हलवून बघा, कुठे मिसिंग सुरू होतं ते.

मग पॉझिटिव्ह. कार्ब्युरेटरच्या जमान्यात जवळपास सगळा करंट इग्निशन स्विचमधून जायचा. तीस वर्षं जुन्या त्या स्विचवर पंप, इंजेक्टर आणि कॉइलचा भार टाकला की तो गरम होतो आणि व्होल्टेज खातो. त्याने फक्त रिले ओढायचे, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच. खरा करंट बॅटरीवरून फ्यूजमार्गे रिलेतून यायला हवा. मेन रिले एक, पंपाचा दुसरा. ज्या वायरवरून मेन रिले ओढता तिला सेल्फ मारतानाही करंट राहतो ना, ते बघा. रेडिओच्या वायरवरून घेतलेला करंट तेव्हा तुटतो. पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात ठेवा. चावी फिरवल्यावर दोनेक सेकंद पंप वाजून थांबला पाहिजे. काही जण तो थेट चावीवर जोडतात. अपघातात इंजिन बंद पडलं तरी असा पंप पेट्रोल ओतत राहतो. हे मला अजिबात पटत नाही.

तुमच्या लक्षणांवरून माझा सगळ्यात जास्त संशय पेट्रोलवर आहे. कार्ब्युरेटरचा मेकॅनिकल पंप पाव किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास प्रेशर देतो, एमपीएफआयला अडीच ते तीन किलो लागतं. टाकी जुनीच ठेवून बाहेर पंप लावला असेल, तर चढावर आणि वळणावर पेट्रोल मागे किंवा बाजूला सरकतं, नळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. टाकी अर्ध्याच्या खाली असताना झटके वाढतात का, ते आठवून सांगा. वाढत असतील तर मधे एक छोटी सर्ज टँक (कायम भरलेली राहणारी जोडटाकी) घ्या किंवा पंप टाकीच्या आत बसवा. रिटर्न लाइन हवीच.

दुसरी गोष्ट इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाची मळी फिरून आपल्याच टाकीत येते म्हणा, पण जुन्या रबरी नळ्यांना ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल मानवत नाही आणि टाकीच्या तळाचा जुना गाळ ते सोडवतं. तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. सपाटीला कमी पेट्रोल लागतं म्हणून भागतं, चढाला भागत नाही. प्रेशर गेज टी लावून विंडशील्डपाशी बाहेरून बांधा, नळी इंजेक्शनच्या प्रेशरचीच वापरा, आणि सोबत कुणाला तरी घेऊन चढ चढा. झटका येतो त्या क्षणी काटा पडला, तर बाकी वायरिंग उकरायची गरज नाही. मात्र आधी खुद्द पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना १३च्या आसपास हवं. ११ मिळत असेल तर पंप बिचारा निर्दोष आहे. त्याला अडीच स्क्वेअर एमएमची वायर द्या.

गेज मिळत नसेल तर मीटरने ऑक्सिजन सेन्सर वाचा. गरम इंजिनवर तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली खेळतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की तो ०.८च्या वर जाऊन थांबायला हवा. तेव्हाच ०.१वर पडत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. पण सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा फ्लँज फुटला असेल, तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर खोटं बोलतो. नवीन वेल्डिंग केलेल्या पाइपात हे हमखास आढळतं.

इंजिन जिप्सी किंगचं की एस्टीमचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एस्टीमचं इंजिन मूळ गाडीत आडवं बसतं, त्यामुळे जिप्सीत उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेत) केल्यावर लूमच्या काही वायरी लांबवाव्या लागतात. म्हणजे जोड आले. जोड क्रिंप केलेले हवेत, वर गोंदवाली हीटश्रिंक. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळली असेल तर गरम झाल्यावर पट्टी सुटते, आणि तुमची तक्रारही गरम झाल्यावरचीच आहे. क्रँक किंवा कॅम सेन्सरची वायर जाळीवाली असेल तर जाळी एकाच टोकाला अर्थ करा, आणि ती वायर प्लगच्या वायरी व अल्टरनेटरपासून लांब न्या. कूलंट सेन्सर काढून रेझिस्टन्स बघा: २० अंशाला साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशाला तीनशेच्या आसपास. स्पीड सेन्सर जोडलाय का? नसेल तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी थांबताना इंजिन बंद पडू शकतं, पण चढाचे झटके त्याने येत नाहीत. ईसीयूच्या पिनांना बल्बवाला टेस्टलॅम्प लावू नका.

प्रोग्रॅमेबल ईसीयू कधी? कॅम, इंजेक्टर बदलले, टर्बो लावला किंवा मूळ ईसीयूच मेला, तर. तेव्हा स्पीडुइनो, मेगास्क्वर्टपासून हॅलटेकपर्यंत खिशाप्रमाणे पर्याय आहेत. पण तिथेही पहिलं काम लॅपटॉपवर नसतं. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० अंशांवर लॉक करायचं आणि टायमिंग लाइटने पुलीवर खरंच १० दिसतंय का ते बघायचं. ते जुळल्याशिवाय टेबलातला एकही आकडा खरा नाही. मग वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा देणारा ऑक्सिजन) सेन्सर लावून सपाटीला लॅम्डा १, पूर्ण जोराला ०.८५ ते ०.८८. लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोल अगदी बरोबर, कमी म्हणजे पेट्रोल जास्त. एअर-फ्युएल रेशोऐवजी लॅम्डात बोला, कारण १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा; ई-२०ला तो साडेतेराच्या आसपास येतो. गाडी एकाने चालवायची, लॅपटॉप दुसऱ्याने बघायचा.

कागदांचं काय केलंत? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, आणि तपासणीत इंजिन नंबर बघतात. आरटीओत जाऊन परवानगीचं बोला आणि ती लेखी घ्या. ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची प्रत आणि भंगारवाल्याचं बिल जपून ठेवा. विम्यालाही ते लागेल.

आता आधी एवढं करा: गरम इंजिनवर अर्थचा ड्रॉप (बॅटरीचं निगेटिव्ह ते ईसीयूची अर्थ पिन यांतले व्होल्ट), पंपाचं व्होल्टेज आणि चढावरचं प्रेशर, हे तीन आकडे मोजून इथे खाली लिहा. सोबत अर्थ जिथे बोल्ट केलीय तिथला एक फोटो टाका.