कळा सुरू झाल्यावर पहिला फोन कुणाला?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलेल्या पत्रातला हा भाग जसाच्या तसा देते.

"ताई, मला ३६वा आठवडा चालू आहे. परवा रात्री दोनला ओटीपोटात कळ आली, थोड्या वेळाने परत आली. नवऱ्याची सकाळी मीटिंग होती म्हणून त्याला उठवलं नाही. पुण्यात आईला फोन केला. ती म्हणाली, पहिलटकरणीला वेळ लागतो, नववा लागलाच आहे, घाबरू नकोस, गरम दूध पी आणि डाव्या कुशीवर झोप. दोन दिवस बाळाची हालचालही मंद वाटतेय, पण आई म्हणते शेवटी शेवटी जागा कमी पडते. दवाखान्यात उगाच फोन करून त्यांना कशाला त्रास द्यायचा? खऱ्या कळा नक्की ओळखायच्या कशा?"

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तिला कळवलं, की हे वाचून होताच मॅटर्निटी युनिटला, म्हणजे दवाखान्याच्या प्रसूती विभागाला, फोन कर. तिने केला. त्यांनी लगेच बोलावलं, पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके तपासले, सगळं ठीक निघालं. तिच्या परवानगीने इथे लिहितेय, कारण असं पत्र लिहिणारी ती एकटी नाही.

अगं, रात्री दोनला आईची आठवण येणारच. पण माझ्या आईची तिन्ही बाळंतपणं कराडला घरात सुईणीच्या हातून झाली, तेव्हा तिच्या पोटावर हात ठेवणारी बाई शेजारच्या खोलीत होती. पोट कधी घट्ट झालं, कधी सैल पडलं, पाणी कुठल्या रंगाचं गेलं, हे ती डोळ्यांनी बघत होती. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तुझ्या आईला तुझा चेहरा दिसतो, पोट कळत नाही. तुझा रक्तदाब, तुझ्या सोनोग्राफ्या, तुझे रिपोर्ट तिच्यापुढे नसतात. ते ज्यांच्यापुढे आहेत त्यांचा चोवीस तास चालणारा नंबर तुझ्या गरोदरपणाच्या नोंदींमध्ये लिहिलेला आहे. पहिला फोन तिथे, दुसरा आईला. नवऱ्याला उठवायचं ते त्याही आधी. मीटिंग पुन्हा होईल.

आणि तो "त्रास" शब्द मनातून काढून टाक. मिडवाइफ, म्हणजे इथली प्रशिक्षित सुईण, तिथे याच कामासाठी बसलेली असते. एकाच आठवड्यात तीनदा फोन केलास तरी ती तिसऱ्यांदाही तेच प्रश्न विचारेल आणि तेवढ्याच लक्षाने ऐकेल. ब्रिटनमधल्या माता-बालमृत्यूंच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतंय, की आशियाई घरांमध्ये मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण गोऱ्या घरांपेक्षा जास्त आहे. त्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळी आपल्या हातात नाहीत. फोन उचलणं मात्र आहे.

आता कळांचं. तुझी आई म्हणाली, नववा लागलाच आहे. आपल्याकडे महिने मोजतात, इथे आठवडे, आणि या बाबतीत आठवडेच धरायचे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी ठरावीक अंतराने कळा आल्या, पाणी गेलं किंवा अंगावर रक्त गेलं, तर खऱ्या-खोट्याची पारख घरी करत बसायचं नाही. ते मूल अपुऱ्या दिवसांचं ठरतं आणि मिळालेला प्रत्येक तास डॉक्टरांच्या उपयोगाचा असतो.

३७च्या पुढे मग निवांतपणे पारख करता येते. खोट्या कळांना शिस्त नसते. एक आता, एक वीस मिनिटांनी, मग तासभर काहीच नाही. उठून चाललं, कूस बदलली, कोमट पाण्याने अंघोळ केली की त्या विरतात. खऱ्या कळा कशानेही थांबत नाहीत. पुष्कळदा कंबरेतून निघून पुढे ओटीपोटात येतात, पोट दगडासारखं होतं, मग सैल पडतं, आणि प्रत्येक खेपेला जास्त वेळ टिकतात, जास्त जोरात येतात, मधलं अंतर कमी होत जातं. साधारण पाच मिनिटांच्या आत येऊ लागल्या, किंवा दहा मिनिटांत तीन, की युनिटला फोन करायचा. त्याआधी चिकट, गुलाबी छटेचा स्राव दिसला तर बाळंतपण जवळ आलंय एवढंच. तो कधी काही तास आधी जातो, कधी काही दिवस. लालभडक रक्त वाहिलं तर तो स्राव नाही, तेव्हा थांबायचं नाही.

फोनवर तू स्वतः बोल. माझी धाकटी बहीण लेस्टरला असते. पहिल्या खेपेला तिच्या नवऱ्याने फोन करून अगदी सभ्यपणे सांगितलं, की तिला जरा अस्वस्थ वाटतंय. घरीच थांबा, असं उत्तर आलं. तासाभराने तिने फोन स्वतःच्या हातात घेतला. बोलताना मध्येच कळ आली, तिला पुढचा शब्द उच्चारता येईना. मिडवाइफने तेवढा वेळ शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, निघा. पोचली तेव्हा गर्भपिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं होतं. ओठ मिटून सोसणारी बाई शहाणी, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. त्या फोनवर ते बाजूला ठेव. कितवा आठवडा, पहिली खेप, कळा किती मिनिटांनी आणि किती वेळ, पाणी गेलं का, बाळ हलतंय का, एवढं सांग, आणि कळ आली तर कण्ह.

त्यांनी "अजून वेळ आहे, घरी जा" म्हटलं तर अपमान वाटून घेऊ नकोस. ते तोंड चार सेंटिमीटर उघडण्याआधीचा हा टप्पा काही तासांचा असतो, पहिलटकरणीला कधी दोन दिवसही लागतात. भारतात कळा आल्या की दाखल करून घेतात, म्हणून आपल्याला हे हाकलून दिल्यासारखं वाटतं. हलकं खा, पाणी पी, चालत राहा. पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन मनाने घ्यायची नाही. आणि काही बदललं, की परत फोन.

पाणी गेलं तर, कळा नसल्या तरी, फोन. पॅड लाव, म्हणजे रंग कळेल. फिकट पिवळसर ठीक. हिरवट, तपकिरी, रक्ताळलेलं किंवा वास येणारं असेल तर तसंच निघायचं.

सगळ्यात महत्त्वाचं, हालचाल. शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, हे खरं नाही. लाथेऐवजी कूस बदलल्यासारखं वाटेल, पण रोजचं हलणं प्रसूतीच्या कळा सुरू होईपर्यंत आणि त्या चालू असतानाही टिकायला हवं. कमी वाटलं तर गोड खाऊन वाट पाहायची नाही, घरच्या यंत्रावर ठोके ऐकून समाधान मानायचं नाही, सकाळ होऊ द्यायची नाही. तू दोन दिवस थांबलीस, त्याबद्दल मी तुला रागावतेच आहे, बाळ सुखरूप आहे तरी.

तळहात-तळपायांना रात्री खाज सुटते, असं तू पत्राच्या कडेला सहज लिहिलंयस. खोबरेल तेल लावून गप्प बसू नकोस. पुरळ नसताना येणारी अशी खाज यकृताच्या विकाराची असू शकते आणि भारतीय वंशाच्या बायकांत ती इतरांपेक्षा जास्त आढळते. मिडवाइफला सांग, रक्त तपासतील. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, यातलं काही झालं तर वाट न पाहता लगेच युनिटला फोन. खूप रक्तस्राव झाला, नाळ बाहेर आली किंवा जोर द्यावासा वाटू लागला, तर सरळ ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन.

तुझे बाकीचे प्रश्न. आईचा व्हिसा: सहा महिन्यांपर्यंतचा मिळतो, तिला तारखेच्या बऱ्याच आधी बोलाव, सांगितलेल्या तारखेला मुलं क्वचितच येतात. खोलीत आई की सासूबाई: तुला जी हवी ती, फक्त किती जणांना आत सोडतात ते युनिटला आधी विचार. डिंकाच्या लाडवांचं पार्सल भारतातून मागवू नकोस. डिंक, खारीक, तूप सगळं इथल्या भारतीय दुकानांत मिळतं, आई आली की इथेच वळेल. बॅगेत आधी नोंदींची फाइल, पॅड आणि चार्जर टाक.